पानं सुकेपर्यंत

उंबरवाडी, ता. मुळशी
२२ ऑगस्ट २००४

आशालता,

पत्नीला पत्र लिहिताना वर आशीर्वाद लिहावेत असा जुना शिरस्ता आहे. पण आशीर्वाद देणारा निदान एक पायरी वर उभा असावा लागतो, आणि मी सध्या तुझ्या खोलीत, तुझ्या खाटेवर, तुझीच गोधडी पांघरून बसलो आहे. तेव्हा ते राहू दे.

दचकू नकोस. पावसात कौलं गळतात का ते बघायला आलो. गळत नाहीत. तरी दोन दिवस झाले, अजून बघतो आहे.

तू अपेक्षाच्या बाळंतपणाला मेलबर्नला गेलीस त्याला दोन महिने झाले. रविवारी फोनवर तू विचारतेस, ‘जेवलात का?’ मी म्हणतो, ‘जेवलो.’ मग नातू रडतो आणि फोन संपतो. म्हणून हे पत्र. विमानतळावर ट्रॉली ढकलता ढकलता तू जे म्हणालीस ते मात्र मला शब्दशः येतं. पाठांतर हा माझा धंदाच होता. ‘आठ नोव्हेंबरला परत आले की मी सरळ मुळशीच्या खोलीवर जाणार. पुण्याच्या घरी आता पाहुणी म्हणून येईन. राग यायचा असेल तर आत्ताच येऊ द्या.’ मागे रांग खोळंबली होती, त्यामुळे रागाला वेळ मिळाला नाही.

बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन तू ही खोली घेतलीस तेव्हा मी हसलो होतो. आधी आठवड्यातून एक दिवस, मग तीन, मग पाच. शेजाऱ्यांना मी सांगत असे, हवापालट. तीन वर्षं हवा पालटते आहे. जूनमध्ये माझीही शाळा सुटली, कायमची. संस्कृत घेणारी मुलं सात उरली तेव्हा मीच अर्ज दिला. आता घरी मी आणि फ्रीज असतो. त्यातला एक मधूनमधून आवाज करतो.

तुझी घरमालकीण रंभाबाई चहा घेऊन आली आणि मला वरपासून खालपर्यंत बघत म्हणाली, “तुमी बाईंचं मालक व्हय? मला वाटलं लई म्हातारं आसतीला.”

“का बरं?”

“तीन सालात येकदा बी आला न्हाईत, म्हून.”

मग मी खोलीची पाहणी केली. खिडकीत चार पिसं. कोपऱ्यात काठी. दाराआड गमबुटांचा जोड, पुरुषी, नंबर नऊ. माझा सात. रंभाबाईला अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं.

“त्ये बहिरूचं. देवराईत चिखुल लई, म्हून बाईंला दिल्यात त्यानं.”

हा बहिरू, वाघजाईचा गुरव. तो आज लांबून पाहिला. साठीचा, वाळका, दात मोजके. देवराईही लांबूनच पाहिली. देवीच्या नावानं राखलेलं एवढंसं रान! मला वाटलं होतं निदान दोन-चारशे एकर असेल. बायको हरवायला तेवढं तरी लागावं.

आणि रंभाबाई म्हणते तू ओढ्याच्या डोहात पोहतेस. “बेडकीवानी,” म्हणते. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात तुला पोहता येतं हे मला ठाऊक नव्हतं. वाईची मुलगी, कृष्णेच्या घाटावर वाढलेली; एखाद्याने विचारलं असतं. मी विचारलं नाही.

षड्रिपूंच्या यादीत मत्सर सहावा, म्हणजे शेवटचा. आधीचे पाच मला आयुष्यात नीटसे जमले नाहीत. ह्याच्यात मात्र गती आहे असं दिसतं.

एकनाथ

५ सप्टेंबर

आशालता,

आज शिक्षक दिन. एकाही विद्यार्थ्याला माझी आठवण झाली नाही, म्हणून बहिरूला शिकवायला गेलो.

त्यानं आधी तुझी जागा दाखवली. “हितं. ह्या मुळीवर. दुसरीकडं न्हाई बसत बाई.” ते मूळ तुझ्या बसण्याने गुळगुळीत झालं आहे. घरी माझ्या आरामखुर्चीशेजारी तुझी जी खुर्ची आहे, तिचं कापड अजून नवंकोरं आहे. मी दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघितल्या आणि मूळ मला मुळीच आवडलं नाही.

तरी बसलो. घड्याळ लावून अकरा मिनिटं. डास, ओल, पाठीला रग, आणि तू इथे काय बघतेस हा प्रश्न. मग वर बघून म्हणालो, “हा विभीतक.”

बहिरू म्हणाला, “ब्येहडा.”

“तेच. संस्कृतात विभीतक.”

त्यानं तंबाखू मळली. “आसंल. पर त्याला कशापायी सांगताय? त्याला ठावं हाय त्यो कोन हाय.”

वर्गात असता तर बाकावर उभा केला असता.

मग मी ज्यासाठी गेलो होतो ते विचारलं. “बाई तुमच्याशी काय काय बोलतात?”

“काय बी न्हाई.”

“चार-चार तास?”

“व्हय. त्या तितं, मी हितं.”

मला वाटलं होतं तू त्याच्याजवळ माझी गाऱ्हाणी सांगत असशील. तसं असतं तर बरं झालं असतं. निदान माझा विषय निघाला असता. आपल्या घरी दोन माणसं चार तास बोलली नाहीत तर त्याला अबोला म्हणतात. इथे काय म्हणतात कोण जाणे. बहिरूने तेही सांगितलं नाही.

बाकी क्षेम. शैलेश नावाचा अकोल्याचा एक मुलगा, हिंजवडीत कॉम्प्युटरवर असतो, तो दोनदा येऊन खोलीचं दार मोजून गेला. त्याचं लोखंडी कपाट आत येतं का बघत होता. रंभाबाईने मला परत विचारलं, “मास्तर, नक्की ना?” मी म्हटलं, नक्की. कशाबद्दल, ते या पत्रात मावणार नाही.

(खाली अर्धं पान कोरं आहे, ते तुझ्या लक्षात येईलच.)

एकनाथ

१८ सप्टेंबर, गणेश चतुर्थी, सकाळ

आशालता,

तुझं कार्ड आलं. ‘खिडकीतली पिसं हलवू नका.’ अठ्ठावीस वर्षं, दोन पत्रं, आणि उत्तर चार शब्दांचं. पिसं हलवलेली नाहीत. त्यांच्याकडे बघितलं मात्र आहे, जरा रोखून.

आज रंभाबाईकडे गणपती. पौडच्या बाजारातून तिने पत्रीची जुडी आणली. त्यात निम्मं गवत. काल मी ते दाखवलं तर म्हणते, “बाई आसत्या तर त्यांनी वळखून आनली आसती. त्यांला झाडं कळत्यात.” त्यांला झाडं कळतात! आणि मला? एकवीस पत्री मी झोपेत म्हणून दाखवीन, मंत्रांसह. उजाडताच पिशवी घेऊन गेलो आणि देवराईतून नऊ प्रकार मिळवून आलो. आघाडा, डोरली, अर्जुन, बेल, पिंपळ, बाकीचे आल्यावर सांगतो. अर्जुनाच्या फांदीला लोंबकळावं लागलं. चोपन्नाव्या वर्षी. तू बघायला हवं होतंस.

बाहेर कुणीतरी मोठ्याने बोलतंय. बहिरूचा आवाज आहे. थांब जरा

२१ सप्टेंबर

वरचं पत्र तिथेच तुटलं. तसंच पाठवतो आहे.

देवराईतलं काही बाहेर न्यायचं नसतं. हे तुला ठाऊक आहे. खरं सांगायचं तर मलाही ठाऊक होतं. ‘देववने आणि आपली परंपरा’ यावर मी एकदा चाळीस मिनिटं बोललो आहे, अध्यक्ष झोपेपर्यंत. पण माझ्या डोक्यात असं की देवासाठी तोडलेलं पान म्हणजे नियमाला अपवाद. सगळं आयुष्य अपवाद शिकवण्यात गेलेल्या माणसाला अपवाद फार लवकर सापडतो.

बहिरू अंगणात उभा होता. आत येत नव्हता. रंभाबाईने माझी पिशवी उपडी केली आणि कपाळाला हात लावला.

“आवो मास्तर, काय केलंसा हे! त्या रानातली काडी आमी दात कोरायला उचलत न्हाई.”

मी म्हटलं, “पण बाई, देवालाच वाहणार होतो.”

“त्याचंच उचलून त्यालाच? येकाद्याच्या घरातली वाटी उचलायची आन त्याच्याच म्होरं आहेर म्हून ठेवायची?”

इतकं बिनतोड उत्तर मला कुठल्या परीक्षेत मिळालं नव्हतं. अंगणात आठ-दहा माणसं जमली होती आणि त्यांतल्या एका म्हातारीने दुसरीला विचारलं, “कोन हाय ह्यो?” दुसरी म्हणाली, “बाईंचा नवरा.” पहिली म्हणाली, “बाईंचा?” तो ‘बाईंचा?’ अजून कानात आहे.

इथे ह्याला दंड नाही. रीत आहे. तोडलेली पानं ज्या त्या झाडाच्या बुडाशी परत ठेवायची आणि ती सुकेपर्यंत तिथे बसायचं. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत. अनवाणी, छत्री नाही, पुस्तक नाही, घड्याळ नाही. भाकरी मिळते, गप्पा मिळत नाहीत. गणपती बसले तो दिवस माफ. दुसऱ्या दिवसापासून मी बसलो.

भाद्रपदातल्या ओलीत पान सुकत नाही, आशालता. आघाडा बिचारा दुपारीच माना टाकून मोकळा झाला. पण अर्जुनाचं पान म्हणजे चामडं. दोन दिवस लागले.

पहिल्या दिवशी सकाळी मी रागावलो होतो. बहिरूवर, रंभाबाईवर, तुझ्यावर, गणपतीवरसुद्धा थोडा. मग मनातल्या मनात म्हणायला लागलो. स्तोत्रं, सुभाषितं, धातुरूपं, जे जे पाठ होतं ते ते ओळीने. पाऊस येत होता, जात होता. मला वाटलं होतं माझ्याजवळचं आठवडाभर पुरेल. दुपारी सगळं संपलं. त्यानंतर तिथे फक्त मी होतो, आणि ती संगत मला मुळीच सोसवेना.

संध्याकाळच्या सुमारास एक खेकडा बिळातून बाहेर आला. काळपट, बशीएवढा. डोळे काठ्यांवर ठेवून त्यानं माझी तपासणी केली. मी हललो नाही. हलण्याइतका उत्साह नव्हता. तो माझ्या अंगठ्यापासून वीतभर अंतरावर आला, थांबला, आणि आपल्या कामाला लागला. कुजलेलं पान उचल, तोंडाशी ने, टाक, दुसरं उचल. मी कोण, काय शिकलो, बायको का गेली, याच्याशी त्याला काही कर्तव्य नव्हतं. मी त्याच्याकडे किती वेळ बघत होतो ते सांगता येणार नाही. घड्याळ रंभाबाईकडे होतं. एवढं आठवतं की मध्ये कितीतरी वेळ मी तुझा हेवा करायचं विसरलो होतो. आणि ते लक्षात येताच पहिला विचार काय आला असेल? की हे असं तुला तीन वर्षं रोज मिळतं आहे. लगेच पुन्हा हेवा.

दुसऱ्या दिवशी मी भांडलो नाही. ‘मी मत्सरी माणूस आहे,’ असं एकदा मोठ्याने म्हणून बघितलं. मराठीतच म्हटलं. काही झालं नाही. वर शेकरू काहीतरी कुरतडत होतं, त्याची टरफलं माझ्या डोक्यावर पडत राहिली. तीस वर्षं मी ज्या माणसावर सभ्य पांघरूण घालत आलो, तो अर्जुनाच्या मुळीवर पावसात उघडा बसला होता आणि कुणाचीच तक्रार नव्हती. माझीसुद्धा, हळूहळू, राहिली नाही. बरा होता तो माणूस. थोडा ओला.

ऊन कलल्यावर बहिरू पान बघायला आला. चुरगाळून म्हणाला, “सुकलं. उठा.” मी उठलो नाही. तो शेजारी टेकला, आणि रीत संपली होती म्हणून असेल, बोलला.

“पयल्या सालाला बाई रडायच्या हितं.”

“कशाला?”

“ते मी कशाला इचारू? यायच्या, बसायच्या, रडायच्या, डोळं पुसून जायच्या. पावसाळाभर. मंग थांबल्या.”

मी समजत होतो तू इथे सुखाला येतेस. मला त्या सुखाचा मत्सर होता. रडायला पंचेचाळीस किलोमीटर लांब यावं लागत होतं हे मला आता कळलं. घरी रडली असतीस तर मी काय केलं असतं ते मला पक्कं ठाऊक आहे. एखादं सुभाषित सांगितलं असतं, वर त्याचा अर्थही.

ही गोष्ट तू बहिरूसमोर केलीस आणि माझ्यासमोर नाही, याचा मला मत्सर वाटतो. बाकी सगळे मत्सर याच्यापुढे किरकोळ.

एकनाथ

२६ सप्टेंबर

आशालता,

हे पत्र आधीच्या सगळ्यांच्या आधी लिहायला हवं होतं.

मी कौलं बघायला आलो नव्हतो. खोली सोडायला आलो होतो. एकवीस ऑगस्टला, पहिल्याच सकाळी, रंभाबाईला सांगितलं की बाई आता तिकडेच लेकीजवळ राहणार, येणार नाहीत. दुसरा भाडेकरू बघा. तुला परत येऊन जायला एकच ठिकाण उरावं, आपलं घर, एवढाच हेतू. सामान बांधायला आठ दिवस पुरले असते. पण इथे तू कशी होतीस ते ऐकता ऐकता माझं बांधणं राहून गेलं, आणि खोटं मात्र जागचं हललं नाही. रंभाबाईने शैलेशला शब्द दिला. दसऱ्याला तो यायचा आहे.

काल मी तिला खरं सांगितलं. ती तांदूळ पाखडत होती. सूप थांबलं.

“म्हंजी बाई येनार हायेत?”

“आठ नोव्हेंबरला.”

“आन तुमी मला माजीच खोली लबाडीनं रिकामी करायला लावली.”

“हो.”

“मास्तर, नऊ पानं तोडली तवा दोन दीस बसवलं. ह्याला किती बसवू?”

ती पुन्हा पाखडायला लागली, जरा जोरात. मग म्हणाली, “त्या पोराला मी जबान दिलीया. त्यानं आपल्या तोंडानं नगं म्हटलं तर गोष्ट येगळी. मी न्हाई सांगायची. तुमी जावा.”

या पत्राचं उत्तर देऊ नकोस असं म्हणणार होतो. नको, दे. काय वाटेल ते लिही.

एकनाथ

६ नोव्हेंबर

आशालता,

उत्तर आलं नाही. साहजिक आहे. हे पत्र मेलबर्नला पोचायच्या आत तू निघालेली असशील, म्हणून टपालात न टाकता तुझ्या उशीवर ठेवतो आहे. म्हणजे हे तू वाचते आहेस तर खोली तुझी आहे.

ते कसं झालं ते ऐक. शैलेश हिंजवडीजवळ जांबे गावात एका खोलीत तिघांबरोबर राहत होता. गेलो तेव्हा स्टोव्हवर खिचडी चालली होती. लग्नाला सात महिने झालेले, बायको जुईली अकोल्याला सासरी, जागा नाही म्हणून. त्याच्या उशाशी कपाटाचं माप लिहिलेला कागद. ते बघून मला नुसतं ‘खोली परत दे’ म्हणवेना. मग मी जे बोललो ते घरून ठरवून गेलो नव्हतो. म्हटलं, सदाशिव पेठेतलं माझं घर घे. दोन मोठ्या खोल्या, स्वयंपाकघर, गॅलरी. मागची लहान खोली मला राहू दे, पुस्तकं आहेत. कंपनीची बस टिळक रोडवरून सुटते.

त्यानं चमचा खाली ठेवला. “सर, तुमी तं मोठं घर देऊन राह्यले अन्‌ बारकी खोली मागून राह्यले. काही लफडं हाय का याच्यात?”

“आहे. माझं आहे, घराचं नाही.”

“जुईली पहिले हेच विचारीन.”

“तिला सांग, म्हाताऱ्याने बायकोशी लबाडी केली, ती निस्तरतो आहे.”

तो हसायला लागला, मग मी हसत नाही हे बघून थांबला. रंभाबाईला त्याने स्वतः येऊन नाही म्हटलं. त्या दिवशी तिने दिलेल्या चहात पुन्हा साखर होती.

दसऱ्याला जुईली आली. तुझी खुर्ची तिने पहिल्याच दिवशी गॅलरीत नेली. मला विचारलं नाही. पाय वर घेऊन बसते आणि आईशी फोनवर मोठ्याने भांडते. परवा तिला रडताना ऐकलं. मी बाहेर गेलो, चहा केला, कप तिच्यापाशी ठेवला आणि आत आलो. जिभेवर दोन सुभाषितं तयार होती, दोन्ही गिळली.

तेव्हा आता परिस्थिती अशी आहे. पुण्याला तुला परत यायला जागाच नाही. तुझी जागा इथेच आहे, आणि ती तुझी एकटीची आहे. मुंबईला गाडी ठरवली आहे, ती तुला सरळ इकडे आणेल. मी त्या गाडीत नाही. खोली झाडली, गोधडी उन्हात घातली, डबे भरले. रंभाबाईला खरं सगळं माहीत आहे. बहिरूला मी काही सांगितलं नाही; त्याने विचारलंही नाही.

मी सुधारलो असं समजू नकोस. गेल्या महिन्यात चार वेळा देवराईत जाऊन आलो, पण तुझ्या मुळीवर बसलो नाही, जरा पलीकडे दगडावर बसतो. खेकडा पुन्हा दिसला नाही. कधी अर्धा तास बरा जातो, कधी पूर्ण वेळ तुझ्या नावाने मनात कुरकुर चालते. दोन्ही वेळा उठून येणारा माणूस तोच असतो, आणि हल्ली मी त्याला घरात घेतो.

एकच मागणं. तू देवराईत बसशील तेव्हा मला तिथे यावंसं वाटतं. राहायला नव्हे, तू तितं, मी हितं, एवढ्यासाठी. तू बोलावल्याशिवाय येणार नाही. एक पोस्टकार्ड टाक. ‘या’ किंवा ‘नको’, चार शब्दसुद्धा लागत नाहीत. पण ‘नको’ असलं तरी टाकच. न आलेलं पत्र दुसऱ्या कुणाला तरी गेलं असेल असं मला वाटत राहतं, आणि बहिरूला वाचता येत नाही एवढाच काय तो मला दिलासा आहे.

एकनाथ